दप्तराची विद्या आणि तिची उपेक्षा

आपल्या समाजाने ज्यांना विद्या म्हणून कधी मान दिला नाही, आणि तरीही ज्यांच्यावाचून राज्यकारभाराचे पाऊल एक दिवसही पुढे पडू शकत नाही, अशा विद्यांमध्ये दप्तर राखण्याच्या विद्येला मी अग्रस्थान देईन. गवंड्याला ओळंबा धरता येतो की नाही हे पाहिल्यावाचून त्याला कोणी भिंतीवर चढवीत नाही. परंतु ज्याच्या हाती शेकडो कुटुंबांचे वारसाहक्क, निवृत्तिवेतने, जमिनींच्या नोंदी आणि अनुदाने सोपवावयाची, त्या कार्यालयीन सेवकाला मात्र रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक टेबल, एक कपाट आणि आधीच्या माणसाने मागे ठेवलेला कागदांचा ढीग दाखवून कामाला लागण्यास सांगण्यात येते. ही प्रथा अन्यायाची आहे. आणि तो अन्याय त्या नवख्या माणसापेक्षा त्याच्यासमोर अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या नागरिकाला अधिक भोगावा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तीत उमेदवाराची भाषा, त्याचे सामान्यज्ञान आणि त्याचे अंकगणित पारखले जाते, आणि टंकलेखनाची मराठीत मिनिटाला 30 व इंग्रजीत 40 शब्दांची गती मागितली जाते. या अपेक्षा रास्त आहेत. तथापि आलेला कागद नोंदवहीत का चढवावा, नस्तीतील पानांना क्रमांक का द्यावेत, निर्णय झालेले प्रकरण किती वर्षे सांभाळावे आणि कोणत्या कागदाची आयुर्मर्यादा वर्षभरातच संपते, यांपैकी एकही प्रश्न त्या परीक्षेत त्याला कोणी विचारीत नाही. महसूल खात्यात नेमणुकीनंतर दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा द्याव्या लागतात, हे मी विसरलेलो नाही. पण त्या देईपर्यंत हाताला जी सवय लागावयाची ती लागून गेलेली असते. ती सवय लावणारा गुरू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा ज्येष्ठ सहकारी. तो दक्ष असेल तर शिष्य दक्ष निपजतो, आणि तो कंटाळलेला असेल तर त्याचा कंटाळाही शिष्याकडे वारसाने येतो. शिवाय असा गुरू काम कसे करावयाचे तेवढे सांगतो. ते तसेच का करावयाचे हे त्यालाही त्याच्या गुरूने सांगितलेले नसते. त्यामुळे नियम उरतो आणि त्यामागचे प्रयोजन लोप पावते, आणि प्रयोजन लोपलेला नियम गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी मोडला जातो.

वस्तुतः कार्यालयीन व्यवस्थापनाची मूलतत्त्वे संख्येने थोडी आणि बुद्धीला सहज पटण्यासारखी आहेत. कार्यालयाच्या उंबऱ्याच्या आत आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद व्हावी; नोंदलेल्या प्रत्येक कागदाचा कोणी तरी एकच धनी असावा; तो कागद आज कोठे आहे आणि कशासाठी थांबला आहे हे त्या धन्याला, आणि त्याच्या गैरहजेरीत इतर कोणालाही, शोधाशोध न करता सांगता यावे; निर्णय जो व्हावयाचा तो कारणांसह लेखी व्हावा; आणि काम संपले की कागदाने टेबल सोडून आपल्या नेमल्या जागी जावे किंवा रीतसर नष्ट व्हावे. नोंदवह्या, गठ्ठे, शेरे आणि गोषवारे यांचा जो अवाढव्य पसारा बाहेरच्या माणसाला दिसतो, तो एवढ्याच तत्त्वांच्या रक्षणासाठी उभा केलेला आहे.

एका कागदाचा प्रवास जवळून पाहिला म्हणजे याची प्रचीती येते. समजा, सेवेत असताना मृत्यू पावलेल्या एका शासकीय कर्मचाऱ्याच्या पत्नीने कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. तो प्रथम आवक बारनिशीत येतो. बारनिशीचा कारकून त्यावर तारखेचा शिक्का मारतो, क्रमांक टाकतो आणि अर्ज संबंधित संकलनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे, देऊन पोच घेतो. संकलनाचा लिपिक तो आपल्या कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे ज्याला सारे कार्यालय वर्कशीट म्हणते तीत, चढवितो. येथवर बहुधा सर्व ठीक चालते. पुढे सेवापुस्तक उघडले असता असे आढळते की, मृत कर्मचाऱ्याने वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात केलेल्या सेवेच्या पडताळणीची नोंद सेवापुस्तकात नाही, आणि ती असल्यावाचून प्रस्ताव महालेखापालांकडे पाठविता येत नाही. लिपिक त्या तालुक्याच्या कार्यालयाला पत्र लिहितो, पत्रावर जावक क्रमांक पडतो आणि ते रवाना होते.

या प्रकरणाचे भवितव्य याच ठिकाणी ठरते. लिपिक शिकलेला असेल, तर तो त्या प्रकरणावर पुढील तारीख टाकतो, ते प्रतीक्षेतील प्रकरणांच्या नोंदवहीत घेतो आणि प्रतीक्षेच्या गठ्ठ्यात तारखेच्या क्रमाने ठेवतो. ती तारीख उजाडली म्हणजे प्रकरण आपण होऊन त्याच्या डोळ्यांसमोर येते. उत्तर आलेले नसेल तर स्मरणपत्र जाते, नंतर दुसरे जाते, आणि त्यानेही काम झाले नाही तर साहेबांच्या सहीचे अर्धशासकीय पत्र जाते. लिपिक शिकलेला नसेल, तर पत्र पाठविले म्हणजे आपले काम झाले अशा समजुतीने तो प्रकरण कपाटात ठेवून देतो. त्याने लाच मागितलेली नसते, कोणाचे वाईट चिंतिलेले नसते, किंबहुना त्या बाईंची त्याला मनापासून दयाही आलेली असते. परंतु एक तारीख टाकण्याचे राहिल्यामुळे ते प्रकरण त्या क्षणी कार्यालयाच्या स्मृतीतून नाहीसे होते. पुढे सहा महिन्यांनी त्या बाई चौकशीला येतात तेव्हा त्या खुर्चीवर बहुधा दुसराच कोणी बसलेला असतो, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की त्याला यातले काही ठाऊक नाही.

भ्रष्टाचारावर आपण पुष्कळ बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. पण माझ्या मते सामान्य माणसाच्या वाट्याला येणाऱ्या कार्यालयीन दुःखाचा फार मोठा भाग हा या अज्ञानाचा आहे, आणि भ्रष्टाचारालाही आश्रय मिळतो तो याच अव्यवस्थेच्या अंधारात. ज्या कार्यालयात कोणते प्रकरण कोणाकडे किती दिवस आहे हे भिंतीवरच्या तक्त्याइतके स्पष्ट असते, तेथे 'फाइल सापडत नाही' असे सांगून पैसे उकळणे कठीण जाते.

महाराष्ट्राच्या जिल्हा कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची जी पद्धत रुजली, तिचे मोल या दृष्टीने पाहावे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षाकडे जावयाची निकाली प्रकरणे आणि मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद, असे टेबलावरच्या यच्चयावत कागदांचे सहा भाग पाडले की सातवा ढीग उरतच नाही. आणि ज्याला 'नंतर पाहू' असे म्हणून आपण बाजूला सारतो तो कागद नेमका त्या सातव्या ढिगात जात असतो. अभिलेख कक्षात पुन्हा वर्गवारी आहे. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग तीस वर्षांचा, 'क' आणि 'क-1' त्याहून अल्प मुदतीचे, आणि 'ड' एका वर्षाचा. यातील नष्ट करण्याचे काम सर्वांत दुर्लक्षित राहते, कारण कागद फाडून टाकण्यात धोका आहे आणि ठेवून देण्यात नाही, अशी प्रत्येकाची समजूत असते. परिणामी निरुपयोगी रजिस्टरांच्या राशीखाली शंभर वर्षांपूर्वीचा 'अ' वर्गाचा कागद वाळवीच्या तोंडी पडतो. नष्ट करणे हे जतन करण्याचेच अंग आहे, ही गोष्ट तर कोणी शिकविल्यावाचून सुचणारच नाही इतकी ती सामान्य प्रवृत्तीच्या विरुद्ध आहे.

टिप्पणी लिहिण्याविषयी थोडेसेच सांगतो. चांगल्या टिप्पणीत प्रकरण काय, पूर्वी काय ठरले, नियम काय म्हणतो, पर्याय कोणते आणि कोणता आदेश अपेक्षित आहे हे परिच्छेदांना क्रमांक देऊन आणि समासात पत्रव्यवहाराच्या पानांचा हवाला देऊन मांडलेले असते. ती वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मागची दीडशे पाने उलटावी लागत नाहीत. वाईट टिप्पणीच्या अखेरीस 'आदेशार्थ सविनय सादर' एवढे शब्द असतात, कशाचा आदेश हवा ते मात्र नसते. मग वरून 'चर्चा करावी' असा शेरा येतो, प्रकरण खाली उतरते, पुन्हा वर चढते, आणि या चढउतारात नागरिकाचे आठवडे खर्ची पडतात.

हे सारे शास्त्र इंग्रजांनी येथे आणले, असा एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. इंग्रजी अमदानीने त्याला छापील नमुन्यांचे रूप दिले हे खरे. अँडरसन साहेबाने गाव, तालुका आणि जिल्हा यांच्या महसुली हिशेबांची जी पुस्तिका रचली, तिच्या आधाराने आपल्या तलाठ्यांचे गाव नमुने अद्याप चालतात, आणि फेरफाराची प्रत्येक नोंद मागच्या नोंदीशी आणि मूळ दस्ताशी बांधलेली असावी हे तत्त्व त्या नमुन्यांत फार कौशल्याने गुंफलेले आहे. परंतु शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांच्या कानूजाबत्यातही सचिवाकडे राजपत्रांचा शोध घेऊन त्यांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करण्याचे काम सोपविलेले आहे. पत्राच्या शिरोभागी शिक्का आणि मजकूर संपेल तेथे मोर्तब, अशी त्या काळची रीत होती. मोर्तबाखाली कोणी एक ओळही वाढवू नये हा तिचा हेतू उघड आहे, आणि आज नस्तीतील पानांना क्रमांक देण्यामागचा हेतू त्याहून तिळमात्र निराळा नाही. ज्या राज्याचा बराचसा काळ घोड्याच्या पाठीवर गेला, त्या राज्याला दोन ओळींच्या पत्राचीही तपासणी करण्याची गरज भासली, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

पेशवाईत या विद्येचा उत्कर्ष झाला. हुजूर दप्तरात परगण्यांचे बेहडे, म्हणजे जमाखर्चाचे अंदाज, येत, जमाखर्च खतावला जात असे, आणि वर्षअखेरीस साऱ्या राज्याच्या जमाखर्चाचा तर्जुमा, म्हणजे गोषवारा, तयार होई. नाना फडणीस राजकारणपटू म्हणून आपल्या स्मरणात आहेत; पण फडणिशी हे मुळात दप्तराचे पद होते, आणि त्या पदाच्या कामावरील त्यांची पकड त्यांच्या राजकारणाच्या मुळाशी होती असे मला वाटते, कारण कोणत्या सरदाराकडे कोणता सरंजाम आहे आणि त्याकडे येणे किती आहे हे ज्याला आपल्या दप्तरातून क्षणात काढता येते, त्याच्या शब्दाला दरबारात वजन असते. त्यांच्या पश्चात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दप्तराची हेळसांड झाली. ज्या व्यवस्थेचे पालन पिढ्यान्‌पिढ्या झाले होते ती एका पिढीच्या दुर्लक्षाने विस्कटली. तरीही पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आजवर टिकले, आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांना त्यांतून निवड करून 45 खंड प्रसिद्ध करता आले, याचे श्रेय इतिहासकारांइतकेच त्या अनाम कारकुनांना आहे, ज्यांनी ते कागद लिहिले आणि जपून ठेवले.

कारभार ही शिकविण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार पाश्चात्त्यांतही फार जुना नाही. हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण-अभियंत्याने आयुष्यभर एका मोठ्या खाणकंपनीचा व्याप सांभाळल्यावर 1916 साली आपला ग्रंथ लिहिला, आणि त्यात चौदा तत्त्वे सांगितली. आपल्याकडील व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत ती चौदा तत्त्वे पाठ करून घेतात. परंतु त्याचा मुख्य आग्रह त्या यादीपेक्षा निराळाच होता. तांत्रिक विद्यालयांत खाणकाम शिकवितात, गणित शिकवितात, आणि ज्यावर या साऱ्यांचे यश अवलंबून असते तो कारभार मात्र कोणीच शिकवीत नाही, याची त्याला खंत होती. कारभार अनुभवाने आपोआप येतो हा समज त्याला मान्य नव्हता. आपली आजची स्थिती पाहिली म्हणजे त्याचे म्हणणे महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयाला उद्देशून केले असावे असे वाटू लागते.

आपल्या विधिमंडळाने आणि संसदेने या बाबतीत कायदे केले नाहीत असे नाही. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमाने कोणतीही नस्ती कोणाही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये असे बंधन घातले, आणि तातडीच्या नस्तींना त्याहून कमी मुदत दिली. संसदेच्या त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवण्याचे कर्तव्य कलम 4 अन्वये लादले. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवांना मुदती नेमून दिल्या. हे तिन्ही कायदे स्तुत्य आहेत. परंतु सात दिवसांची मर्यादा पाळली गेली की नाही हे कळण्यासाठी नस्ती ज्या दिवशी टेबलावर आली त्या दिवसाची नोंद असावी लागते. आणि अभिलेख सूचिबद्ध होण्यासाठी सूची करणे कोणाला तरी यावे लागते. माहितीच्या अर्जाला 'सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही' असे उत्तर देण्याची जी चाल पडली आहे, ती या शिक्षणाच्या अभावाची कबुलीच होय. माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने माहिती नाकारण्याची जी कारणे मान्य केली आहेत, त्यांत कागद न सापडणे हे कारण नाही.

संगणक आला, आता या जुन्या नोंदवह्यांची विद्या हवी कशाला, असा प्रश्न तरुण अधिकारी विचारतात. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि असंख्य नस्ती भस्मसात झाल्या. त्यानंतर कागद संगणकात नेण्याची निकड साऱ्यांना पटली, आणि ती पटलीच पाहिजे होती. ई-ऑफिस या संगणकीय प्रणालीमुळे नस्ती कोणाच्या खात्यात किती दिवस आहे हे एका दृष्टिक्षेपात दिसते, हा लाभ लहान नव्हे. तथापि संगणकात विषयाच्या रकान्यात 'अर्जाबाबत' एवढेच लिहून उघडलेली नस्ती पुढच्या वर्षी कोणालाही शोधता येत नाही. वर्गवारी न करता स्कॅन केलेल्या पानांचे ढीग कपाटातल्या ढिगांहून अधिक दुर्गम असतात, कारण कपाटातला ढीग निदान डोळ्यांना दिसतो. ज्याला जुनी विद्या येते त्याच्या हातात संगणक वरदान ठरतो, हे मी अनेक कार्यालयांत पाहिले आहे. आणि ज्याला ती येत नाही तो ई-ऑफिसमधून छापील प्रत काढून तिच्यावर सही घेतो आणि ती पुन्हा स्कॅन करतो, हेही पाहिले आहे.

महाराष्ट्रात सुधारणेचे प्रयत्न झाले, आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. 1980 च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाच्या मांडणीपासून अभिलेखापर्यंत सर्व बाबींचा मुळातून फेरविचार केला, आणि तो प्रयोग 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखला गेला. अलीकडे पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी शून्य प्रलंबितता आणि दैनंदिन निर्गती यांचा ध्यास घेतला, आणि गठ्ठे सोडून वर्गवारी करण्याचे काम विभागातील कार्यालयांनी हाती घेतले. या प्रयत्नांची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे: ज्या ज्ञानाचा प्रत्येक लिपिकाला पहिल्या महिन्यात परिचय व्हावयास हवा, त्यासाठी एखाद्या असामान्य अधिकाऱ्याच्या आगमनाची वाट पाहावी लागते, ही स्थितीच मुळात चुकीची आहे. अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांनी होते. लिपिक तीस वर्षे त्याच जिल्ह्यात राहतो. सुधारणेचे बी तेथेच पेरले पाहिजे जेथे ते राहणार आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, शासकीय, निमशासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सेवेत येणाऱ्या प्रत्येक लिपिकाला स्वतंत्र कार्यभार देण्यापूर्वी किमान तीन महिन्यांचे रीतसर शिक्षण मिळावे. त्यातील पहिला महिना त्याने आवक-जावक बारनिशीत घालवावा, म्हणजे कागद कोठून येतो आणि कोठे जातो याचे सबंध चित्र त्याच्या मनात उभे राहील. दुसरा महिना अभिलेख कक्षात जावा. आज अभिलेख कक्षात नेमणूक म्हणजे शिक्षा समजली जाते. तो समज पालटावयाचा तर प्रत्येकाच्या सेवेचा आरंभ तेथून व्हावा, आणि वीस वर्षांपूर्वीचे प्रकरण शोधताना एका न लिहिलेल्या तारखेपायी दोन दिवस कसे वाया जातात हे त्याने आपल्या हाताने अनुभवावे. तिसऱ्या महिन्यात ज्येष्ठ सहकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याने एक संकलन चालवावे, टिप्पण्या लिहाव्यात, आणि त्या कोणी तरी लाल शाईने दुरुस्त करून द्याव्यात. पुण्यातील यशदा आणि विभागोविभागीच्या प्रशिक्षण संस्था आज अस्तित्वात आहेत. इमारती नव्याने बांधावयाच्या नाहीत. मनुष्यबळ आधीच अपुरे असताना तीन महिने माणूस मोकळा कसा ठेवावा, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. परंतु जो लिपिक पुढील तीस वर्षे दररोज हरवलेले कागद शोधण्यात आपला वेळ दवडणार आहे, त्याचे ते तास कोणी हिशेबात धरले आहेत काय?

आणखी एक लहानशी तरतूद याच्या जोडीला हवी. बदलीच्या वेळी कार्यभाराची जी यादी दिली जाते, ती आज अनेक ठिकाणी 'सर्व नस्ती व नोंदवह्या मिळाल्या' या एका वाक्यात आटोपते. ती प्रकरणवार व्हावी, प्रतीक्षेतील प्रत्येक प्रकरणापुढे पुढील तारीख लिहिलेली असावी, आणि देणारा व घेणारा या दोघांनी कपाटासमोर उभे राहून, एकेक नस्ती हातात घेऊन त्या यादीवर सह्या कराव्यात. तोवर जाणाऱ्याला कार्यमुक्त करू नये.